पहिल्या चुकीचे सर

सरांनी माझा पहिला प्रिंटआउट माझ्यासमोर फाडला, तेव्हा मला नोकरीला लागून तीन दिवस झाले होते. चांगला सतरा पानांचा होता. त्यात दोनशेच्या वर चुका होत्या, मशीनने एकेक करून शोधलेल्या, ओळीने, क्रमांक घालून. सरांनी चष्मा कपाळावर ढकलला, पहिली चूक वाचली, तिच्याखाली लाकडी पट्टी दाबून धरली आणि कागद टर्रकन फाडला. वरचा चार बोटांचा तुकडा माझ्या हातात दिला. उरलेली सगळी पानं घडी घालून स्वतःच्या पिशवीत टाकली.

"सर, बाकीच्या चुका?"

"कोणत्या बाकीच्या?"

"त्या... पिशवीतल्या."

"त्या चुका नाहीत, बाई. ती पहिलीची पोरंबाळं आहेत. आई सापडली की आपोआप घरी जातील."

पुढे एकदा मालाडला सरांच्या घरी गेले, तेव्हा ही पोरंबाळं मला भेटली. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक फळीवर अंथरलेली होती, छापील बाजू वर करून. डाळींच्या डब्यांखाली काही, लोणच्याच्या बरणीखाली काही. काकू म्हणाल्या, "कागद जाड असतो गं, तेल छान शोषून घेतो. ह्यांच्या ऑफिसात असंच काम चालू राहू दे बाई." माझ्या पोटावर पाय येत होता आणि काकूंच्या फळ्या स्वच्छ राहत होत्या.

आता ही काय भानगड होती ते सांगते. सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. अंधेरीला एका औषध कंपनीत संख्याशास्त्राचं खातं होतं. खातं म्हणजे सर, मी, कार्डं पंच करणारी कांता आणि एक टेबलफॅन, जो सरांकडे तोंड करून असे. हेड ऑफिसने परदेशातून बोटीने एक लाकडी खोकं पाठवलं होतं. त्यात भोकं पाडलेली हजारावर कार्डं होती. एका कार्डावर एक ओळ, अशी ती सगळी कार्डं मिळून एक प्रोग्राम होत होता. औषधाचा डोस आणि ताप किती उतरला, यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, असल्यास किती, हे तो सांगणार होता. म्हणजे चालला असता तर सांगणार होता.

तो चालत नव्हता, कारण तो तिकडच्या मशीनसाठी लिहिलेला आणि आम्ही वापरत होतो ते मशीन वेगळं. आमचं असं मशीन नव्हतंच. पवईच्या बाजूला एका संस्थेत कॉम्प्युटर होता आणि तिथे आम्हाला दिवसाला एक फेरी मिळे. सकाळी बसने जाऊन कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल घ्यायचा. मशीन आधी तो प्रोग्राम आपल्या भाषेत उतरवून घ्यायला बसे, ह्याला कंपाइल करणं म्हणत. नाही जमलं की का जमलं नाही याची यादी छापून देई. ती यादी म्हणजे हा प्रिंटआउट, सरांनी फाडलेला.

आता हिशेब करा. दिवसाला एक फेरी. फेरीला एक चूक. चुका दोनशेच्या वर. मी एम.एस्सी. संख्याशास्त्र, हे गणित मला कागदाशिवाय जमलं. मी ऑगस्टात लागले होते आणि माझी नेमणूक मार्चअखेरपर्यंत तात्पुरती होती. तोवर प्रोग्राम चालला तर मी कायम. नाहीतर खातं बंद, आकडे हेड ऑफिसला, मी घाटकोपरला. घाटकोपरच्या दोन खोल्यांत गिरणीतून घरी बसलेले वडील होते आणि रोज संध्याकाळी येणारे मामा होते. मामांनी राजापूरचा एक मास्तर हेरून ठेवला होता. मास्तर वाईट नव्हता. पण मी एम.एस्सी. त्याच्या वह्या तपासायला केली नव्हती.

सरांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांच्या चालण्यात त्याने काडीचाही फरक पडला नाही.

सर एका वेळी एकच गोष्ट करायचे. डबा उघडला की आधी सगळी भाजी खायचे, मग सगळ्या पोळ्या कोरड्या, मग भात. मी विचारलं, एकत्र का नाही? म्हणाले, "बिघडलेलं काय होतं ते कळत नाही." डॉक्टरकडे गेले तर फक्त पहिला त्रास सांगायचे, दुसरा सांगायला पुन्हा नंबर लावायचे. नाशिकला दिलेल्या मुलीचं पत्र आलं, 'प्रकृती ठीक आहे' अशी सुरुवात. कोणाची ते लिहिलेलं नव्हतं. सरांनी तिथे लाल खूण केली आणि पत्र परत पाठवलं. मुलीनेही ते दुरुस्त करून पुन्हा पाठवलं, म्हणजे घराणंच तसलं.

आणि मोजायचे. चहाचा ट्रे आला की आधी कप, मग माणसं, मग चहा. जिन्याच्या पायऱ्या, बसमधली डोकी, पेल्यातली फुलं. कांताच्या बहिणीच्या हळदीला आम्हाला वेसाव्याला बोलावणं होतं. तिथे ढोलताशाच्या दणक्यात उभं राहून सरांनी अख्खा मांडव मोजला आणि कांताच्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं, "दहा पानं कमी पडणार." बाप म्हणाला, "साहेब, तुम्ही जेवा हो निवांत." पानं बारा कमी पडली. सरांना दोनाचा फरक सोसवेना. दुसऱ्या दिवशी कांताला म्हणाले, "दोघं जण जेवून पुन्हा बसले होते. एकाच्या शर्टाला खिसा नव्हता." कांताने चौकशी केली. तिचे सख्खे मामा निघाले, दोघंही.

मशीनच्या चुकांबाबतही असंच व्हायचं. सर बरोबर ठरायचे. हा त्यांचा सगळ्यात मोठा दुर्गुण.

त्या पहिल्या दिवशीचा चार बोटांचा तुकडा घेऊन ते चार दिवस बसले. फेऱ्यासुद्धा फुकट घालवल्या, पवईला कोणी गेलंच नाही. मी सोमवारी चिडले, मंगळवारी रडले, बुधवारी कांताकडे जाऊन दोन्ही केलं. गुरुवारी सर म्हणाले, "या ओळीत टक्क्याच्या दोन खुणा आहेत. जगात इतके टक्के कोणी लिहीत नाही." मग उलगडा झाला. तिकडच्या पंचिंग मशीनवर कंसासाठी जी भोकं पडत, ती इकडचं मशीन टक्क्याची खूण म्हणून वाचत होतं. अख्ख्या प्रोग्रामात मशीनच्या लेखी एकही कंस नव्हता. ज्या ज्या ओळीत कंस, ती ती ओळ चूक. कांताने तेवढी कार्डं नव्याने पंच केली, पंधरा दिवस बोटं मोडत. पुढच्या फेरीला दोनशेच्या साठ झाल्या. सरांना काही विशेष वाटलं नाही. त्यांनी पट्टी काढली आणि साठातल्या एकोणसाठ फाडल्या.

कांता वेसाव्याची कोळीण. मॅट्रिक होऊन पंचिंग शिकलेली, अख्ख्या गल्लीत पहिली. तिची बोटं मशीनवर अशी चालत की बघत राहावं, आणि तोंड त्याहून जलद चाले. सरांना ती सरळ तोंडावर "सर, तुम्हाला घरी कसं झेलतात हो?" असं विचारायची. सर म्हणायचे, "एका वेळी एक."

सप्टेंबरात सर दोन दिवस रजेवर गेले आणि मी ठरवलं, आता बस. काही न फाडता पूर्ण यादी घेऊन बसले. एकतीस चुका अगदी एकसारख्या होत्या. प्रत्येकीत मशीनचं म्हणणं, ह्या नावाचं कोष्टक मला माहीत नाही. नाही ना माहीत, मग नाव बदलू. मी एकतीस ठिकाणी ओळी बदलल्या. कांताकडून नवी कार्डं करून घेतली, गठ्ठा पवईला दिला आणि दुसऱ्या दिवशी ताठ मानेने निकाल आणायला गेले. साठाच्या नव्वद झाल्या होत्या.

सर रजेवरून आले. मी काय केलं ते सांगितलं. त्यांनी माझ्या बदलांआधीचा जुना प्रिंटआउट मागितला, पहिली चूक वाचली.

"कोष्टक माहीत नाही म्हणतंय. म्हणजे आपण त्याची ओळख करून दिली नाही. ओळख करून देणारं कार्ड कुठंय?"

"आहे ना सर, सुरुवातीलाच. तुम्ही केलेल्या कार्डांच्या यादीत आहे."

"माझ्या यादीत आहे. मशीनने वाचलेली कार्डं इथे छापलीत, त्यांत नाही."

त्यांनी गठ्ठा हातात घेतला आणि अंगठ्याने कार्डं सोडत गेले. एका ठिकाणी थांबले. तिथलं कार्ड जरा जाड होतं. नख घालून त्यांनी ते सोललं, तर एकाची दोन कार्डं झाली. आमच्याकडच्या दमट हवेने ती एकमेकांना चिकटली होती आणि मशीनने दोन्ही मिळून एकच वाचलं होतं. चुका एकतीस नव्हत्याच. एक होती, आणि तीही कुणी केलेली नव्हती. मी मात्र एकतीस केल्या होत्या, स्वतःच्या अक्कलहुशारीने.

"आता तुमच्या काढा," सर म्हणाले. "एक एक करून. मोजून."

कांता नवी कार्डं बाजूला करताना म्हणाली, "काय गो बाय, एवढ्या तर त्या गोऱ्यांनी पण नव्हत्या घातल्या."

पण मनाने चांगली. दुसऱ्या दिवशी तिने घरून पत्र्याचा एक मोठा डबा आणला, घट्ट झाकणाचा, हवा न शिरणारा. तिच्या आईचा सोडे ठेवायचा डबा, म्हणजे वाळवलेल्या कोळंबीचा. "पावसाळाभर सोडे कुरकुरीत राहतात, तुमची कार्डं काय चीज आहे," म्हणाली. डबा तीनदा धुतला होता. तरीही कोळंबी गेली नव्हती. सर शुद्ध शाकाहारी. मला वाटलं आता मजा येणार. सरांनी झाकण उघडलं, वास घेतला, लावलं, पुन्हा उघडलं. "वास बाहेर येत नाही म्हणजे हवा आत जात नाही," म्हणाले आणि कार्डं भरली. त्या दिवसापासून पवईच्या खिडकीतला ऑपरेटर आमचा डबा लांबून बघूनच पंखा वाढवायचा.

त्या डब्यात सगळ्यात वर श्रीचं कार्ड असे. हे सांगायलाच हवं. पत्राच्या माथ्यावर, वहीच्या पहिल्या पानावर आपण श्री लिहितो, तसं सर प्रत्येक प्रोग्रामच्या आधी एक कार्ड लावायचे. त्यावर इंग्रजी अक्षरांत श्री, आणि त्याच्या आधी पहिल्या खान्यात सी. पहिल्या खान्यात सी असला की मशीन ते कार्ड नुसतं छापतं आणि सोडून देतं. ते माणसांसाठी असतं, मशीनने त्यात लक्ष घालायचं नसतं. देवाचं नाव घ्यायचं आणि वर मशीनला सांगायचं की हे मनावर घेऊ नकोस, ही कमाल सरांनाच सुचावी. मी एकदा म्हटलं, "सर, सी लावून श्री म्हणजे श्रद्धा झाली की सावधगिरी?" सर म्हणाले, "मशीनला कळलं नाही तरी चालेल, बाई. आपण कुठून सुरुवात केली ते आपल्याला कळलं पाहिजे."

मी आणि कांता त्या कार्डावरून पोट धरून हसायचो. सरांच्या पाठीमागे, अर्थात.

दिवाळी गेली, नाताळ गेला. दिवसाला एक चूक, कधी आठवड्याला एक. मामा आता मास्तराचा फोटो खिशात घेऊन यायला लागले. सरांचीही एक गोष्ट तेव्हा अडकलेली होती. जूनमध्ये ते अठ्ठावन्नचे होणार होते, आणि कंपनीच्या बडे साहेबांनी दोन वर्षं वाढवून देण्याचं तोंडी कबूल केलं होतं. सर ह्याबद्दल फार बोलत नसत. फक्त कधीतरी कार्डं नीट रचताना म्हणायचे, "दोन वर्षं मिळाली तर हा प्रोग्राम धुऊनपुसून ठेवून जाईन."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पवईहून एक पानाचा निकाल आला. एकही चूक नाही. कांताने खुर्चीतल्या खुर्चीत गिरकी घेतली. मी बिल्डिंगखालच्या हॉटेलातून बटाटेवडे आणले. सर पट्टी हातात घेऊन बसून राहिले, फाडायला काही नव्हतं.

"सर, झालं ना आता?"

"काय झालं? मशीनला आपलं बोलणं कळलं, एवढंच. उद्या आपण खोटं बोललो तरी तेही कळेल त्याला."

मग त्यांनी पाच रुग्णांचे आकडे घेतले, हँडल फिरवायच्या जुन्या यंत्रावर दोन दिवस गरगर करून हाताने उत्तर काढलं आणि मशीनच्या उत्तराशी ताडून पाहिलं. जुळलं. तेव्हा कुठे त्यांनी वडा खाल्ला. शिळा झाला होता.

आता खरे आकडे घालायचे होते. चाळीस रुग्ण, चाळीस कार्डं. कार्डाच्या सुरुवातीला रुग्णाचं नाव थोडक्यात, मग वजन, डोस, ताप किती उतरला. शेवटी नऊ नऊ नऊ नऊ असं एक कार्ड, म्हणजे संपलं. हे माझं काम होतं आणि ते मी एकटीने केलं. सगळं झालं, गठ्ठा बांधला, आणि भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मार्च संपायला आठ दिवस. ही फेरी वाया गेली तर आणखी किती मिळणार? आणि मी, जी सहा महिने त्या कार्डावरून हसत होते, ती कांताच्या मशीनवर बसले आणि एक श्रीचं कार्ड पंच केलं. आकड्यांच्या गठ्ठ्यावर सगळ्यात वर ठेवलं. सी लावावा का, असं मनात आलं होतं. पण आकड्यांच्या कार्डांना सी लागत नाही एवढं मला ठाऊक होतं, म्हणून नाही लावला. एम.एस्सी. होते ना.

कांता बघत होती. "घाल गो," म्हणाली. "देवाचं नाव, त्याने काय वाईट होतंय."

दुसऱ्या दिवशी निकाल मीच आणायला गेले. खिडकीपाशी उभ्या उभ्या शेवटची ओळ पाहिली आणि तीच पुन्हा दोनदा वाचली. डोस आणि ताप यांचा संबंध इतका घट्ट की त्यापलीकडे फार जागाच उरत नव्हती. औषध झकास. प्रोग्राम झकास. मी झकास. ऑफिसात आले ती सरांच्या टेबलावरून सरळ पुढे गेले आणि बडे साहेबांच्या केबिनचं दार वाजवलं. सरांना आधी दाखवलं असतं तर त्यांनी फाडलं असतं, असं मी मनाशी म्हटलं. खरं तर मला आधी कौतुक हवं होतं.

बडे साहेबांनी कौतुक केलं. हेड ऑफिसला तार करायला सांगितलं. मला म्हणाले, "तुमचं कायमचं लेटर मी टाइप करायला देतो. फक्त तुमच्या सरांची सही घ्या, फॉर्मॅलिटी." आणि सरांना बोलावून घेतलं.

सर आले, हातात पट्टी होतीच. साहेबांनी प्रिंटआउट पुढे केला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. सरांनी ते बोट अलगद बाजूला केलं आणि पहिल्या पानावर गेले. चष्मा कपाळावर. पहिली ओळ वाचली. मग तिच्याखाली पट्टी ठेवली आणि साहेबांच्या डोळ्यांसमोर, साहेबांच्या टेबलावर, ज्याची तार गेली होती तो निकाल टर्रकन फाडला.

"अहो, हे काय करताय?"

"रुग्ण एकेचाळीस," सर म्हणाले. "आपले चाळीस आहेत. बाई, डबा आणा."

मी डबा आणला. केबिनभर कोळंबी पसरली. सरांनी आकड्यांच्या गठ्ठ्यातलं वरचं कार्ड उचललं, उजेडात धरलं, आणि हॉस्पिटलचे केसपेपर वाचतात तसं वाचलं.

"रुग्णाचं नाव श्री. वजन शून्य. डोस शून्य. ताप उतरला शून्य."

कार्डावर नावाच्या जागी श्री होतं आणि पुढे सगळं कोरं. मशीन कोरी जागा शून्य म्हणून वाचतं. सी नव्हता, म्हणून सोडूनही दिलं नाही. देवाला त्याने इमानेइतबारे तपासून घेतलं होतं. सरांनी साहेबांच्या पॅडवर चाळीस ठिपके काढले, वर एका कोपऱ्यात, नुसता घोळका, आणि खाली लांब एक ठिपका काढला. "हे आपले लोक. त्यांचं एकमेकांत काही ठरत नाहीये. आणि हे श्री. आता दोघांना जोडणारी रेघ काढा. सरळच येणार. संबंध दिसतोय तो औषधाचा नाही, ह्या एका कार्डाचा आहे."

साहेबांचा चेहरा उतरत गेला. तार गेलेली होती. त्यांनी कार्डाकडे पाहिलं, मग आमच्या दोघांकडे.

"हे कार्ड कोणी घातलं?"

मी उभी होते. सर टेबलापलीकडे होते. सरांनी ते घातलेलं नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणजे कोणी घातलं तेही ठाऊक होतं. माझ्या तोंडात शब्द तयार होता, एकच होता, 'मी'. त्याच्या मागे राजापूर दिसत होतं.

"माझं आहे ते," सर म्हणाले.

"तुम्ही? आकड्यांवर? तुम्हाला एवढं कळत नाही?"

"या खात्यात श्री घालायची पद्धत माझी. पहिलं कार्ड माझं, तेव्हा चूकही तिथलीच. पुढचं सगळं त्यातून आलं." आवाज तसाच, पोळ्यांबद्दल बोलतानाचा. "उद्याच्या फेरीला हे काढून पुन्हा टाकतो."

मी गप्प उभी राहिले. डबा उचलला, झाकण लावलं आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी चाळीस रुग्णांचा निकाल आला. डोस कमी दिला काय, जास्त दिला काय, ताप आपल्या मनाप्रमाणे उतरत होता. साहेबांना हेड ऑफिसला दुसरी तार करावी लागली आणि ती करताना त्यांना काय वाटलं ते त्यांनी जूनपर्यंत लक्षात ठेवलं. औषध बाजारात आलं नाही. पण प्रोग्राम बिनचूक चालतो हे तर सिद्धच झालं होतं. एप्रिलच्या सुरुवातीला मला कायम केल्याचं पत्र मिळालं. मामांनी फोटो खिशातून काढला आणि तो मग दिसला नाही. सरांना दोन वर्षं वाढवून मिळाली नाहीत. साहेब तोंडी बोललेलं तोंडीच विसरले.

सरांनी त्यानंतर माझ्याशी वागण्यात तसूभरही फरक केला नाही, आणि हे मला सगळ्यात जड गेलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पूर्वीसारखेच फाडत राहिले, मोजत राहिले. मी रोज ठरवायचे, आज सांगू, बडे साहेबांकडे जाऊ. रोज काहीतरी काम निघायचं. एवढं काम त्या खात्यात पूर्वी कधी नव्हतं. कांताने एकदाच विचारलं, "सांगितलंस?" मी नकारार्थी मान हलवली. ती मशीनकडे वळली आणि दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. कांताचं गप्प बसणं म्हणजे काय, हे तिला ओळखणाऱ्यालाच कळेल.

जूनच्या शेवटच्या दिवशी कंपनीने सरांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी त्यांच्याबरोबर चकाल्याच्या बसस्टॉपपर्यंत गेले. घड्याळ त्यांच्या पिशवीत होतं, त्याच पिशवीत. स्टॉपवर रांग होती. सरांनी ती मोजली.

"सर," मी म्हटलं, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"कोणत्या दिवशी?"

"केबिनमध्ये. कार्ड माझं होतं."

"ते मला माहीत आहे. माझ्या श्रीला सी असतो." ते बस येते का बघत होते. "पण ती तुमची पहिली चूक नव्हे, बाई. न बोलणं नंतरचं. पहिली म्हणजे तुम्ही रुग्ण मोजले नाहीत. तेवढी दुरुस्त करा. बाकीच्या आपोआप जातात."

बस आली. ते चढले. मालाडकडे जायला त्यांना पुढे अजून एक बदलायची होती, पण ती त्यांनी बहुतेक पहिली संपल्यावरच मनात घेतली असेल.

पुष्कळ वर्षांनी मी खातेप्रमुख झाले, तेव्हा जुन्या फायलींत माझी स्वतःची फाइल हाती आली. त्यात सरांनी मार्चअखेर लिहिलेला गोपनीय शेरा होता. त्यांचं ते ताठ अक्षर. 'बाई एका वेळी एकच चूक करतात. कायम करण्यास हरकत नाही.' तारीख पाहिली. केबिनमधल्या त्या दुपारनंतरची होती.

मोजायला मी शिकले. माझ्या हाताखालून इतके निकाल गेले, पण पहिली ओळ मोजल्याशिवाय मी एकावरही सही केली नाही. नव्या मुलांसमोर प्रिंटआउट फाडते, तीही माझ्यावर चिडतात. सरांचा नियम मी आयुष्यभर पडताळून पाहिला आणि तो प्रत्येक वेळी खरा ठरला, फक्त एकदा सोडून. पहिली चूक मी केव्हाच दुरुस्त केली. ती दुसरी मात्र गेली नाही, अजून तिथेच आहे.